गाडीच्या पॉलिसीत काय बसत नाही, हे कोणी सरळ सांगेल का?

कावेरीकाठ

या महिन्यात गाडीच्या विम्याचं नूतनीकरण आहे. पेट्रोल गाडी, चार वर्षं पूर्ण होतायत. तीन ठिकाणांहून कोटेशन घेतली, तिन्हींचे आकडे वेगळे. फोनवर बोलणारा प्रत्येकजण काय काय मिळतं ते घडाघडा म्हणून दाखवतो. "बरं, आता काय मिळत नाही ते सांगा" म्हटलं की पलीकडे क्षणभर शांतता आणि मग "मॅडम, फुल इन्शुरन्स आहे, सगळं कव्हर होतं."

सगळं कव्हर होत असतं तर पॉलिसीच्या पीडीएफमध्ये 'जनरल एक्सेप्शन्स' नावाचा मजकूर बारीक टायपात कशाला छापला असता? तो वाचायला बसले आणि 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस' आणि 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' या दोन ठिकाणी अडकले.

तर ज्यांचा क्लेम नाकारला गेलाय किंवा निम्म्यावर आलाय त्यांनी सांगा, कंपनीने नेमकं कशावर बोट ठेवलं? माझ्या बाबतीत दोन जास्तीच्या गोष्टी: गाडी भाऊही चालवतो, आणि ऑफिसला जाताना दोन सहकारी बरोबर असतात, पेट्रोलचे पैसे वाटून घेतो. कंपन्यांची नावं नकोत, धागा उडेल.

खडूस_नंबर_एक

काय बसत नाही? तुमचा क्लेम. बाकी सगळं बसतं.

गाडीवान

खडूस, पहिल्याच प्रतिसादात धागा गुंडाळू नका हो.

कावेरीकाठ, आधी एक बघा. तिन्ही कोटेशन एकाच प्रकारच्या पॉलिसीची आहेत का? नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्यांना झालेल्या इजा-नुकसानापुरती) घेतली तर स्वतःच्या गाडीसाठी एक रुपया मिळत नाही. ठोकली तरी नाही, जळली तरी नाही, चोरीला गेली तरी नाही. ती कायद्याने सक्तीची आहे (मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६) म्हणून लोक अ‍ॅपवर सर्वात स्वस्त दिसेल ती उचलतात आणि बंपर फुटला की कंपनीच्या नावाने शंख करतात.

दुसरं, पॅकेज पॉलिसीतही (थर्ड पार्टी अधिक स्वतःच्या गाडीचं नुकसान) आकडा दोन गोष्टींनी खाली आणतात. आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) कमी धरतात, किंवा 'व्हॉलंटरी डिडक्टिबल' टाकतात. म्हणजे क्लेममधले पहिले अडीच हजार, पाच हजार, साडेसात हजार किंवा थेट पंधरा हजार तुम्ही सोसायचे. ऑनलाइन भरताना हा चौकोन कधी कधी आधीच टिक केलेला असतो. सक्तीचं डिडक्टिबल वेगळं: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००. ते कोणालाच चुकत नाही.

कावेरीकाठ

बघितलं. सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये व्हॉलंटरी ७,५०० आहे! आणि आयडीव्ही बाकी दोघांपेक्षा चाळीस हजारांनी कमी. धन्यवाद, हे फोनवर कोणी बोललं नव्हतं.

सर्व्हेअरकाका

आयुष्यभर मोडक्या गाड्या बघण्याचं काम केलं, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

लोकांचा मूळ घोळ असा की त्यांना वाटतं पॉलिसी गाडीची असते. पॉलिसी घटनेची असते. बाहेरून, अचानक काहीतरी घडलं पाहिजे: अपघात, आग, वीज, चोरी, दंगल, पूर, वादळ, गारपीट, भूकंप, दरड, कोणी मुद्दाम केलेलं नुकसान. या यादीतलं काही घडलं नाही आणि गाडी बिघडली तर तो तुमचा आणि मेकॅनिकचा प्रश्न. क्लच गेला, एसीचा कॉम्प्रेसर बसला, टायमिंग बेल्ट तुटला, रंग उडाला, पत्रा गंजला, यातलं काही बसत नाही. झीज आणि यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड सरळ बाहेर.

दुसरा घोळ 'मिळत नाही' आणि 'कापून मिळतं' यातला. तुमच्याच वयाच्या गाडीचं उदाहरण घेऊ. समोरून ठोकलीत. एस्टिमेट असं आलं: बंपर ८,०००, हेडलाइट १२,०००, बॉनेट १०,०००, समोरची काच ९,०००, रंगकाम १०,०००, मजुरी ६,०००, आणि कूलंट, एसीचा गॅस, क्लिपा, नट-बोल्ट मिळून १,५००. एकूण ५६,५०० (जीएसटी सोडून देऊ).

आता सर्व्हेअर (कंपनीतर्फे नुकसान मोजणारा) काय करतो? प्लास्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा, गाडी नवी असो की जुनी. म्हणजे बंपरचे ४,००० आणि हेडलाइटचे ६,०००. धातूच्या भागांचा घसारा वयाप्रमाणे चढतो. पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, मग १०, १५, २५, चार ते पाच वर्षांत ३५, पुढे दहापर्यंत ४० आणि त्यानंतर ५०. तुमची गाडी पाचव्या वर्षात, म्हणून बॉनेटचे ६,५००. काचेला घसारा नाही, पूर्ण ९,०००. रंगकामाच्या एकत्र बिलात एक चतुर्थांश माल धरतात आणि मालाच्या निम्मे कापतात, म्हणजे ८,७५०. मजुरी पूर्ण. किरकोळ सामान शून्य. बेरीज ४०,२५०, वजा सक्तीचे हजार, हाती ३९,२५०. खिशातून १७,२५०.

यात कंपनीने कोणालाही फसवलेलं नाही. हे कोष्टक पॉलिसीत छापलेलं असतं.

नीरजा_म

वाखुसा (वाचनखूण साठवली)! काका, हे गॅरेजच्या भिंतीवर लावायला हवं.

झिरो डेप (घसारा न कापण्याचं जास्तीचं कव्हर) असेल तर यातलं किती परत येतं?

सर्व्हेअरकाका

घसाऱ्याचे १४,७५० वाचतील. किरकोळ सामानाचे १,५०० आणि डिडक्टिबलचे १,००० तरीही तुमचेच. सामानासाठी 'कन्झ्युमेबल्स' म्हणून वेगळं अ‍ॅड-ऑन असतं. झिरो डेपमध्ये बहुतेक ठिकाणी वर्षाला दोनच क्लेम चालतात, आणि पाच वर्षांपुढच्या गाडीला बऱ्याच कंपन्या ते देत नाहीत. 'झिरो' हा शब्द घसाऱ्यापुरता आहे, तुमच्या खर्चाला लागू नाही.

हायवेवरचा_हरी

टायरचं कोणी लिहिलं नाही. आमच्या शेजाऱ्यांचा टायर खड्ड्यात आपटून फुटला. नुसता टायर. क्लेम शून्य. पॉलिसीत लिहिलंय की त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायर-ट्यूबचा विचार, तोही ५० टक्के. शेजारी आता म्हणतात, थोडा बंपरही घासायला हवा होता.

खडूस_नंबर_एक

शेजाऱ्यांना माझा सप्रेम नमस्कार सांगा. माणूस कामाचा आहे.

सर्व्हेअरकाका

हरी, शेजाऱ्यांना हेही सांगा की ताजी घासणी आणि जुनी घासणी आम्हाला लांबून कळते. ताज्या ओरखड्यात धूळ बसलेली नसते. खोट्या माहितीवर क्लेम केला तर पूर्ण क्लेम जातो, टायरपुरता नाही.

झाडाखालचा

आमच्या सोसायटीच्या तळघरात मागच्या पावसाळ्यात पाणी भरलं. बऱ्याच गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. सगळ्यांकडे पॅकेज पॉलिसी, बऱ्याच जणांकडे झिरो डेप. पाणी उपसल्यावर एकाने सकाळी गाडी चालू करून बघितली. खट् असा आवाज आला आणि इंजिन बसलं. त्याला सीट, वायरिंग, कार्पेट सगळ्याचे पैसे मिळाले, इंजिनाचे नाही. शेजारच्या गाडीवाल्याने हातच लावला नाही, टो करून नेली, इंजिन खोलून साफ करण्यासकट क्लेम मंजूर. एकच पाणी, एकच तळघर. हे काय गौडबंगाल?

गाडीवान

सरळ अन्याय आहे. पूर पॉलिसीच्या यादीत आहे ना? मग पुराच्या पाण्याने इंजिन गेलं तर तेही पुरातच धरायला हवं. पाणी काय त्या माणसाने घरून आणून ओतलं होतं?

सर्व्हेअरकाका

गाडीवान, तर्क बरोबर वाटतो, पण इंजिन कशाने गेलं ते बघा. उभ्या गाडीच्या इंजिनात पाणी शिरलं तर ते बसून राहतं. काढता येतं, तेल बदलता येतं, वेळेत केलं तर इंजिन वाचतं. स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आमच्या भाषेत हायड्रोस्टॅटिक लॉक. कंपनीचं म्हणणं असं की पुराने गाडी भिजवली, रॉड स्टार्टरने वाकवला. पहिलं नुकसान घटनेचं, दुसरं त्यानंतरच्या कृतीचं. कावेरीकाठ अडकल्या तो 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस' हाच.

पॉलिसीच्या अटींमध्ये वेगळं कलमही आहे: अपघात किंवा बिघाडानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर. पाण्यापेक्षाही हे कलम जास्त लागतं ते ऑइल चेंबरला. दगडावर चेंबर आपटतं, फुटतं, खाली तेलाची रेघ दिसते, डॅशबोर्डवर लाल दिवा पेटतो. माणूस म्हणतो, गॅरेज जवळच आहे, पोचू. पोचतो, पण इंजिन जाम होऊन. चेंबरचे काही हजार मिळतात, इंजिनाचे लाखभर नाही.

इंजिन खोललं की खोटं बोलायला जागा उरत नाही. एअर फिल्टर ओला, दाराच्या आतल्या पॅनलवर गाळाची रेघ कुठवर, रॉड सरळ की वाकडा, एवढ्यावर सगळं कळतं.

वकीलबाई

काकांनी कंपनीची बाजू नीट मांडली, आता दुसरी बाजू. ग्राहक आयोगांमध्ये या मुद्द्यावर दोन्हीकडचे निकाल आहेत. चालत्या गाडीत अचानक पाणी आलं, चालकाला थांबायला वावच नव्हता, अशा प्रकरणांत गाडीमालकांना पैसे मिळालेले आहेत. बुडालेल्या गाडीला दुसऱ्या दिवशी किल्ली लावली, तिथे बाजू मांडणं अवघड. नाकारल्याचं पत्र आलं की लगेच हार मानू नये, त्यात नेमकं कोणतं कलम लावलंय ते आधी वाचावं.

झाडाखालचा

आणि 'इंजिन प्रोटेक्ट' अ‍ॅड-ऑन असतं तर?

एजंट_००८

तर बहुधा मिळाले असते, ते त्यासाठीच असतं. पण तिथेही अटी आहेत. पाणी ओसरल्यावर ठरावीक वेळेत कळवा, गाडी चालू करायचा प्रयत्न करू नका वगैरे. प्रत्येक कंपनीचा मजकूर वेगळा. पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या भागात राहणाऱ्याने झिरो डेपआधी हे घ्यावं असं माझं मत.

आणि हो, मी एजंट आहे. फुल इन्शुरन्स असं मीही म्हणतो, गिऱ्हाईकच तसं विचारतं. "पॅकेज पॉलिसी, कलम एक ते तीन" म्हटलं तर फोन ठेवतात.

खडूस_नंबर_एक

००८, म्हणजे ००७ ची एजन्सी भरली होती?

एजंट_००८

हो, आणि त्यांच्या गाड्यांचा विमा कोणी उतरवत नाही.

नीरजा_म

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!

रच्याकने (जाता जाता), उंदरांचं काय? आमच्या गाडीच्या वायरी दोनदा कुरतडल्या.

गाडीवान

उंदराला लायसन्स नव्हतं म्हणतील.

सर्व्हेअरकाका

विनोद सोडला तर मी असे क्लेम मंजूर केलेत. बाहेरून झालेलं अपघाती नुकसान म्हणून. पण अट एकच, कुरतडल्याच्या खुणा दिसल्या पाहिजेत. मेकॅनिकने जुन्या वायरी काढून फेकून दिल्या की संपलं. कुठलाही भाग सर्व्हेअरने बघेपर्यंत टाकायचा नाही. आणि एवढ्याशा वायरीसाठी नो क्लेम बोनस घालवायचा का, ते आधी बघा. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर ५० टक्के सूट असते. एका क्लेमने ती शून्यावर येते.

वकीलबाई

मूळ धाग्यातला भावाचा मुद्दा राहिला. खाजगी गाडी तुमच्या परवानगीने कोणीही चालवू शकतं, फक्त त्या दिवशी लायसन्स वैध हवं. शिकाऊ लायसन्सही चालतं, पण शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस आणि गाडीवर लाल 'एल' हवाच. लायसन्सची मुदत संपलेली असताना अपघात झाला आणि नूतनीकरण नंतर केलं, तर स्वतःच्या गाडीचे पैसे विसरा. पूर्वीची तीस दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली, हे अनेकांना माहीत नाही.

समोरचा जखमी असेल त्याचं वेगळं. लायसन्समध्ये गडबड असली तरी न्यायाधिकरण बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि कंपनी ती गाडीमालकाकडून वसूल करते. सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा स्वर्णसिंग निकाल याच विषयावर आहे. म्हणजे 'थर्ड पार्टीला मिळालं' याचा अर्थ 'मी सुटलो' असा नाही. वसुलीची नोटीस तुमच्या दारात येते.

दारूचं तर बोलूच नका. स्वतःच्या गाडीसाठी काही नाही. वर, चाचणीच झाली नाही म्हणून सुटलो असंही नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की रक्ताची किंवा श्वासाची चाचणी नसली तरी कंपनी इतर पुराव्यावरून चालक नशेत होता हे सिद्ध करू शकते.

हायवेवरचा_हरी

भाऊ चालवत असेल आणि त्यालाच लागलं तर?

वकीलबाई

इथेच सगळे फसतात. गाडीच्या पॉलिसीतल्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याचं पूर्ण नाव आहे 'मालक-चालक'. आरसीवर ज्याचं नाव, तोच, आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच. भाऊ मालक नाही, आणि गाडी स्वतःच चालवत होता म्हणून थर्ड पार्टीही नाही. चूक दुसऱ्या गाडीची असेल तर तिच्या विम्यातून मिळेल. स्वतःच कठड्यावर घातली तर काही नाही. त्याच्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्या, तो स्वस्त असतो.

आत बसलेल्या लोकांबद्दलही ऐका. पॅकेज पॉलिसीत खाजगी गाडीतले प्रवासी कंपनीच्या जबाबदारीत येतात. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत फुकट बसवलेले प्रवासी येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केलेला आहे. जुन्या गाडीला कशाला पॅकेज म्हणून थर्ड पार्टीवर भागवणाऱ्यांनी हा हिशेब करावा. गाडीची किंमत लाखभर असेल, आत बसलेल्यांची नाही.

कावेरीकाठ

बाप रे. हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. वडिलांच्या गाडीला गेली काही वर्षं फक्त थर्ड पार्टी आहे आणि त्यात आम्ही पाचजण बसतो. आजच बदलायला सांगते.

सेकंडहँड_हिरो

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी माझे दोन पैसे. मित्राने गाडी घेतली, आरसी नावावर झाली, विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला. "वर्षभर व्हॅलिड आहे की" म्हणून. पुढे ठोकली. कंपनी म्हणाली, ज्याचा विमा त्याची गाडी नाही आणि ज्याची गाडी त्याचा विमा नाही. क्लेम दोघांनाही नाही.

वकीलबाई

हिरो, हे बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर आपोआप जातो. ओन डॅमेजचा जात नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस नव्याला मिळत नाही, बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो फरक भरावा लागतो.

एजंट_००८

+१. आणि कंपनी बदलताना "गेल्या वर्षी क्लेम नव्हता ना?" या प्रश्नाला खोटं 'नव्हता' म्हणू नका. दोन कंपन्या एकमेकींना विचारतात. त्या वेळी हप्त्यात वाचलेले दोन-चार हजार पुढे क्लेमच्या वेळी महागात पडतात.

गाडीवान

बाहेरून बसवलेला सीएनजी किट राहिला. आरसीवर नोंद नाही आणि पॉलिसीत जास्तीचा हप्ता भरलेला नाही, तर किटचे पैसे नाहीतच, वर आग लागली तर पूर्ण क्लेमवर वाद. किटच्या किमतीच्या साधारण ४ टक्के लागतात. तेवढ्यासाठी लोक लाखांची जोखीम घेतात. महागडी म्युझिक सिस्टिम, अलॉय व्हील यांचंही तेच. कंपनीला सांगितलेलंच नसेल तर ती कशाचे पैसे देणार?

झाडाखालचा

चोरीचं सोपं असतं ना? गाडी गेली, आयडीव्ही मिळाली.

सर्व्हेअरकाका

सोपं असतं तर काय हवं होतं. लगेच एफआयआर, कंपनीला कळवणं, मग पोलिसांना गाडी सापडत नाही म्हणून न्यायालयाने मान्य केलेली 'अ' समरी. ती यायला महिने लागतात. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एकच दिली तर चौकशी सुरू. इंजिन चालू ठेवून, किल्ली आत सोडून पान घ्यायला उतरलात आणि गाडी गेली, तर 'वाजवी काळजी घेतली नाही' म्हणून अडवतात. गाडीतला लॅपटॉप, पर्स पॉलिसीत नाहीत.

आणि आयडीव्ही म्हणजे तुम्ही भरलेली किंमत नव्हे. अगदी शोरूममधून आणल्यावरही ५ टक्के वजा, सहा महिन्यांनी १५, मग २०, ३०, ४०, चार वर्षांपुढे ५०. रस्ता कर आणि नोंदणी त्यात धरत नाहीत. ते हवं तर 'रिटर्न टू इन्व्हॉइस', तेही पहिली काही वर्षंच मिळतं.

वकीलबाई

चोरीवरून आठवलं. नवी गाडी घेतल्यावर तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपू देऊ नका. २०२१ च्या एका प्रकरणात मुदत संपलेली तात्पुरती नोंदणी असताना गाडी बाहेरगावी नेली, तिथे चोरीला गेली. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. याउलट, एफआयआर लगेच केली असेल तर निव्वळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून चोरीचा क्लेम नाकारता येत नाही, हाही सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, २०२० चा.

हायवेवरचा_हरी

सगळे कारपूल विसरले. कावेरीकाठ यांनी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलंय.

सर्व्हेअरकाका

हरी, शाबास.

'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' म्हणजे गाडी कशासाठी वापरायची नाही. खाजगी गाडीच्या पॉलिसीत हे नाही चालत: भाड्याने किंवा मोबदला घेऊन नेणं, मालवाहतूक (स्वतःचं सामान, नमुने सोडून), शर्यत, वेगचाचणी, गाड्यांच्या धंद्यासाठी वापर. पांढऱ्या पाटीची गाडी ट्रिपा मारताना ठोकली तर मी पहिला प्रश्न मागे बसलेल्याला विचारायचो, "तुमची यांची ओळख कुठली?" उत्तर द्यायला वेळ लागला की समजायचं.

रोजच्या सहकाऱ्यांनी पेट्रोल वाटून घेणं आणि अनोळखी माणसाला अ‍ॅपवरून सीट विकणं यात माझ्या लेखी फरक आहे. खर्चापेक्षा जास्त पैसे घेतले की तो मोबदला. पण माझं मत आणि कंपनीचं मत वेगळं असू शकतं, तेव्हा ईमेलने विचारून ठेवा.

गाडीवान

इथे मात्र काकांशी सहमत नाही. एका गाडीत चारजण जाणारे लोक रस्त्यावरच्या तीन गाड्या कमी करतात, आणि पॉलिसीच्या १९ व्या शतकातल्या इंग्रजीमुळे त्यांनीच घाबरून राहायचं? हे शब्द बदलायला हवेत.

वकीलबाई

बदलायला हवेत, मान्य. तोवर एवढं लक्षात ठेवा: वापराची अट मोडली म्हणून कंपनीने शून्य दिलं तर ते अंतिम नसतं. २००८ आणि २०१० च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने अशा क्लेमना 'नॉन-स्टँडर्ड' (अट मोडलेला, म्हणून कापून द्यायचा क्लेम) धरून काही रक्कम द्यायला लावलीय, २००८ मध्ये ७५ टक्के. एक प्रकरण चोरीचं होतं, दुसरं भाड्याने दिलेल्या गाडीच्या अपघाताचं.

भांडायचं कसं तेही लिहिते. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपाल. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं, फी नाही, वकील लागत नाही. मुंबई आणि पुण्याला कार्यालयं आहेत. माझ्या पोटावर पाय देऊन सांगतेय.

खडूस_नंबर_एक

वकिलाने वकील लागत नाही सांगितलं. या धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

कावेरीकाठ

अपडेट. तिन्ही कंपन्यांना एकच ईमेल पाठवला: व्हॉलंटरी काढा, आयडीव्ही सारखी करा, इंजिन प्रोटेक्टचा पूर्ण मजकूर पाठवा, आणि सहकाऱ्यांबरोबर पेट्रोल वाटून घेणं चालतं का ते लिहून द्या. आता तिघांच्या आकड्यांत फारसा फरक उरलेला नाही. कारपूलवर एकाच कंपनीने लेखी उत्तर दिलं: नफा नसेल आणि नेहमीचे सहकारी असतील तर हरकत नाही. तिथेच घेतेय. झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट घेतलं, किल्लीचं आणि टायरचं अ‍ॅड-ऑन सोडलं. भावासाठी वेगळा अपघात विमा बघतेय.

सर्व्हेअरकाका

छान केलंत. आता मुदत संपायच्या आत भरा. एक दिवस जरी मध्ये गेला तरी त्या दिवसाचं काही बसत नाही, आणि गाडीची तपासणी करून मगच नवी पॉलिसी. ९० दिवस उलटले तर बोनसही गेला.

अनवाणी_स्वार

वाचनमात्र होतो, आज लिहितोय. दुचाकीलाही हेच सगळं लागू आहे का? माझी नवी आहे, शोरूमवाल्याने पाच वर्षांचा विमा करून दिलाय, म्हणजे मी निवांत.

एजंट_००८

घसारा, टायर, लायसन्स सगळं तेच. पण निवांत होऊ नका. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच आणि नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. ओन डॅमेजचा भाग त्यात बहुतेक वेळा एकच वर्षाचा असतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगळ्या तारखा असतील, त्या बघा आणि इथे लिहा.

अनवाणी_स्वार

ओन डॅमेज फेब्रुवारीतच संपलंय. कोणाचा नंबर देता का?

एजंट_००८

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तपासणीला गाडी धुऊन आणा.